वेचणीच्या दिवसांतलं बोलणं

सकाळी सातच्या सुमाराला कमलाबाई आमच्या फाटकाशी येऊन थांबतात आणि हाक मारतात. नाव कोणाचंच घेत नाहीत. नुसतं "चाला वं" म्हणतात आणि एवढ्यावर गल्लीतल्या सात-आठ घरांची दारं उघडतात. डोक्याला फडकं, कमरेला ओटीचं कापड, हातात डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बाया बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचं बोलणंही बाहेर पडतं. काल रात्री जिथं तुटलं होतं तिथूनच ते पुढं सुरू होतं. दसरा मागं पडला, दिवाळी तोंडावर आली, की आमच्या गावात कापसाची वेचणी लागते आणि महिना-दीड महिना गावातलं सगळं बोलणं वावरात जातं. दुपारी गावात आलात तर कुत्रीसुद्धा गप्प बसलेली दिसतील.

आमचं गाव आर्वीहून एसटीने अर्ध्या तासावर. मी आर्वीच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दिवाळीची सुट्टी लागली की वावरात जाते. वेचायला म्हणून जाते, पण माझ्या ओटीत जमतं ते कमलाबाईंच्या निम्मंही नसतं, आणि हे त्या दरवर्षी न विसरता मला सांगतात. यंदा पहिल्या दिवशी निघताना माझ्या लेकीने, जुईने, खुंटीवरची चामड्याची बॅग काढली आणि गळ्यात तिरकी अडकवली. ती नऊ वर्षांची आहे, बॅग तिच्या गुडघ्याला लागत होती. मी म्हटलं, राहू दे, जड आहे. तिने ऐकलं नाही. बॅग तिच्या आबांची. आबा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून माझे ते मामाजी. वैशाखात ते गेले. त्यांच्यावाचून ही पहिली वेचणी.

पहिल्या दिवशी सीतादही होतं. वावराच्या कोपऱ्यात पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, नव्या कापसाचं वस्त्र घालायचं आणि दहीभाताचे घास पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, टाकायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, म्हणून हे करणं पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आलं. मामाजी तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून सूचना करायचे. यंदा सूचना करायला कोणी नव्हतं, आणि मी दही आधी टाकलं की भात आधी, यावर दोन बायांमध्ये वाद झाला. तो वाद ऐकताना मला बरं वाटलं. वावरात कोणीतरी मोठ्याने बोलायला हवंच होतं.

कापूस वेचणं हे तोंड मोकळं ठेवणारं काम आहे. सोयाबीन सोंगताना माणूस कमरेत वाकलेला असतो, धूळ नाकातोंडात जाते, विळ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. तिथं कोण बोलणार? वेचणीत बाया उभ्याने चालतात. एकीने एक तास, म्हणजे झाडांची एक ओळ, धरायचा, शेजारणीने शेजारचा. दोन्ही हात झाडावर, बोटं बोंडातला कापूस अलगद ओढून काढतात, वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखांच्या कडेला टोचत राहतात, आणि तोंडाला काहीच काम नसतं. मग तोंड आपलं काम शोधून काढतं. कोणाची सून, कोणाचा बीपी, कालच्या मालिकेत कोण मेलं, मेलं ते खरं की परत येणार. सकाळचं दव पऱ्हाटीवर असतं तोवर आवाज दबलेले असतात. ऊन चढलं की आवाजही चढतात. मागे पडलेलीला पुढचीची हाक, पुढे गेलेलीला मागचीचा टोमणा. एक शब्द या टोकाला निघाला की आठ तोंडांतून फिरून त्या टोकाला जातो, आणि प्रत्येक तोंडात त्याचा रंग थोडा बदलतो.

मामाजी या सगळ्यांना पुरून उरायचे. तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती, आर्वी डेपोत. बोलणं ही त्यांची सवय नव्हती, नोकरीच होती. निवृत्त झाल्यावर बोलायला गाडी उरली नाही, म्हणून ते वावराशी बोलू लागले. बैलांना पुढचा थांबा सांगायचे. विहिरीवर मोटार सुरू करताना म्हणायचे, "मागं सरका, दरवाजा लावा." आणि वेचणीत बायांचा एक तास संपून सगळ्या दुसऱ्या बाजूला वळल्या, की धुऱ्यावरच्या जुन्या पत्र्याच्या डब्यावर दोनदा टणटण वाजवून मोठ्याने म्हणायचे, "जाऊ द्या." एसटीचा कंडक्टर दोन घंट्या देऊन ड्रायव्हरला म्हणतो तसं. बायांनी ते उचललं होतं. तास संपला की ओळीतून एकेक करून यायचं, जाऊ द्या, जाऊ द्या. लग्न होऊन मी पहिल्यांदा वावरात आले तेव्हा मला वाटलं, ही काय माणसं आहेत. वाटलं म्हणजे कौतुकाने नव्हे. त्या वयात मी फार शहाणी होते.

माझं माहेर सेलू तालुक्यातलं, हिंगणीच्या बाजूचं. तिकडून मी पुण्याला शिकायला गेले. वसतिगृहातल्या पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या रांगेत मी शेजारच्या मुलीला विचारलं, "तू काऊन नाई जेवून राह्यली?" का जेवत नाहीस, एवढंच. रांग हसली. दुष्टपणाने हसली असंही नाही. त्यांना खरंच गंमत वाटली. पण पुढचे दोन महिने मी त्या रांगेत तोंड उघडलं नाही. मनातल्या मनात वाक्य आधी जुळवायचं, तपासायचं, मग बोलायचं. तोवर बोलण्याचा विषय पुढे गेलेला असायचा. हळूहळू जमलं. इतकं जमलं, की पुढे मी मराठी शिकवायला लागले. सुट्टीत घरी आल्यावर आईशीही मी त्याच भाषेत बोलायची आणि आई माझ्याकडे पाहुणीकडे बघावं तसं बघायची. तेव्हा मला ते दिसलं नाही. आता दिसतं आणि लाज वाटते.

जुई झाली तेव्हा मी ठरवलं, हिला ती रांग नको. ती सहा महिन्यांची असताना, एका दुपारी मामाजी जेवत होते आणि जेवता जेवता तिला काहीतरी लांबलचक सांगत होते. मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "मामाजी, हिच्यासमोर जरा शुद्ध बोलाल का? एकदा कानात बसलं की नंतर जात नाही." त्यांचा घास हातात राहिला. मग ते म्हणाले, "बरोबर हाय तुह्यं, सूनबाई." आणि लगेच, शाळेतल्या मुलासारखं, "आहे. बरोबर आहे." मी हसले. मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे. समजूतदार तर ते होतेच.

त्या दिवसापासून आमचं घर शुद्ध झालं. माझा नवरा सुधीर वीज कार्यालयात आहे, मुळातच कमी बोलतो. त्याने या निमित्ताने आणखी कमी केलं. मी सकाळी साडेनऊला शाळेत जायची, संध्याकाळी सहाला परत यायची. दिवसभर जुई मामाजींजवळ असायची. ते तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे, कडेवर घेऊन गावभर फिरायचे. पण बोलायचे नाहीत. वाक्य सुरू करायचे, "जुई, तू..." आणि तिथेच अडकायचे. पुढचा शब्द त्यांच्याजवळ असायचा, पण तो मनाई केलेला शब्द असायचा. मग ते हाताने दाखवायचे. बोट करायचे, मान हलवायचे, बैलाला हाकताना जीभ टाळूला लावून टक्टक् करतात तसं करायचे. आणि टीव्ही लावून द्यायचे. टीव्हीतली माणसं शुद्ध बोलायची, तेव्हा त्यात माझा नियम मोडत नव्हता.

मुलं किती प्रामाणिक असतात याचा विचार केला की मला आजही गलबलतं. जुईने जे ऐकलं तेच तिने परत दिलं. दीड वर्षाची झाली, दोन वर्षांची झाली, तिला हवं ते मागायला ती जीभ टाळूला लावून टक्टक् करायची. पाणी हवं, टक्टक्. कडेवर घे, टक्टक्. पाहुणे हसायचे आणि म्हणायचे, भारी हुशार आहे. मीही हसायची. अडीच वर्षांची झाली तेव्हा हसणं बंद झालं. शेजारची तिच्याहून चार महिन्यांनी लहान मुलगी दारात उभी राहून भांडण करायची, पूर्ण वाक्यात, आणि माझी जुई माझ्या पदराआड उभी राहून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची. तिच्याजवळ एकूण चार शब्द होते, आणि त्यातला आई हा शब्दही ती रोज म्हणेलच असं नव्हतं. चुलत नणंदेने वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. लावलं. मधात घालायला सांगितलं, मधात घातलं. शाळेत मी मुलांना कवितेचं रसग्रहण सांगायची आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन रडायची. माझी मुलगी कधीच बोलणार नाही, या भीतीला मी कोणासमोर शब्द देत नव्हते.

शेवटी दिवाळीच्या आधी एका शनिवारी आम्ही तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथं कान तपासणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी जुईला माझ्या मांडीवर बसवून एका बंद खोलीत ठेवलं. कधी डावीकडून बारीक आवाज यायचा, कधी उजवीकडून, आणि जुई दर वेळी मान वळवायची. कान चांगले होते. बाकीचंही त्यांनी बराच वेळ बघितलं, तिच्याशी खेळल्या, तिला चिडवलं, तिच्या टक्टकला टक्टकनेच उत्तर दिलं. मग मला विचारलं, दिवसभरात हिच्याशी कोण कोण बोलतं?

मी म्हटलं, मी बोलते, संध्याकाळी. त्यांनी विचारलं, आणि दिवसा? मी म्हटलं, आजोबा असतात. आजोबा बोलतात का तिच्याशी? मी म्हटलं, ते कमी बोलतात. एवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन. ज्या माणसाने तीस वर्षं भरलेल्या गाडीत पुढच्या दारापर्यंत आवाज पोचवला, तो कमी बोलतो. माझ्या तोंडून ते निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. मग मी रडत रडत सगळं सांगितलं.

त्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही; काही मुलं उशिराच बोलतात आणि का ते कोणालाच सांगता येत नाही. लक्ष ठेवू, तीन महिन्यांनी परत आणा. पण घरात बोलतं माणूस असताना त्याला गप्प बसवू नका. मूल आधी पुष्कळ ऐकतं, मग थोडं बोलतं. आणि एकाच तोंडून ऐकलेला शब्द त्याला त्या माणसाचा वाटतो. तोच शब्द चार जणांच्या तोंडून ऐकला, जाड आवाजात, बारीक आवाजात, हसत, ओरडत, की त्यातलं सगळ्यांत सारखं काय आहे ते त्याला कळायला लागतं. मग तो शब्द सुटा होतो आणि त्याला स्वतःच्या तोंडात घेता येतो. असंच काहीसं त्या म्हणाल्या. शुद्ध-अशुद्धाचं विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, मुलांना असं काही नसतं हो, त्यांना फक्त आपल्याशी बोललेलं आणि न बोललेलं एवढंच कळतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते, जुई मांडीवर. कंडक्टर तिकिटं फाडत, गर्दीतून वाट काढत, प्रत्येकाशी एकेक वाक्य बोलत मागे गेला आणि पुढे आला. जुईची मान त्याच्याबरोबर मागे गेली आणि पुढे आली. तिचे ओठ किंचित हलत होते. मी तो सगळा रस्ता तिच्या ओठांकडे बघत काढला.

मामाजींना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. बोलू नका म्हणून सांगणं सोपं गेलं होतं. आता बोला कसं म्हणणार? त्यांनी दोन वर्षं माझा शब्द पाळला होता, एकदाही कुरकुर न करता. मी सावंगीहून आल्यावर त्यांनी फक्त डोळ्यांनी विचारलं. कान चांगले आहेत, एवढं मी सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि गोठ्याकडे गेले.

दिवाळीची सुट्टी लागली आणि कापूस फुटून पांढरा झाला होता. मी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेतला, जुईला घेतलं आणि मामाजींच्या बंडीत बसले. बैल आपली वाट चालत होते. मामाजी पुढे, पाठमोरे, गळ्यात ती बॅग. ओढ्याजवळ चाक दगडावरून घसरलं, जुई दचकली आणि मामाजींनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते बघवलं नाही. वाक्य मनात जुळवत बसले असते तर ते कधीच निघालं नसतं. जसं आलं तसं बोलले.

"मामाजी, तुमी बोला ना तिच्यासंगं. जसं बायायसंगं बोलता तसं."

त्यांनी बैल थांबवले. बारा वर्षांत माझ्या तोंडून त्यांनी असं वाक्य ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडूनही ते कितीतरी वर्षांनी निघालं होतं.

"मले नाई जमत तुह्यासारखं," ते म्हणाले. "म्या लई पाह्यलं."

"माह्यासारखं कायले? माह्यासारखं तं मलेबी नाई जमत."

ते माझ्याकडे वळून बसले. मग टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली, जुईकडे बघितलं आणि म्हणाले, "काऊन वं पोट्टे, भेली काय?" घाबरलीस का म्हणून विचारत होते. जुईने उत्तर दिलं नाही, पण ती सरकत सरकत माझ्याकडून त्यांच्याकडे गेली. आणि मग ते वावरापर्यंत बोलत गेले. ओढा सांगितला, ओढ्यातली बगळी सांगितली, कुठला बैल आळशी आहे ते सांगितलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं.

त्या सुट्टीतले दिवस मी लिंबाखाली पेपर तपासत काढले, म्हणजे लाल पेन हातात धरून ऐकत काढले. जुई ओळीत असायची. बाया तिला मध्ये चालू देत, कोणाच्या ओटीला धरून, कधी गाठोड्यावर बसवून. माझ्या नियमाची त्यांना खबरच नव्हती. त्या तिच्याशी सरळ बोलायच्या, ती बोलणारच आहे असं धरून. कमलाबाईंना पुढचे दोन दात नव्हते; त्यांच्या तोंडात बोंड हा शब्द फुगून यायचा. रेखा नाकात बोलायची. तिचं बोंड वेगळं. रेखाची सासू प्रत्येक शब्द ओरडून म्हणायची, कारण तिला स्वतःला कमी ऐकू यायचं. हे पाय बोंड. हे फुटलं बोंड. हे किडकं बोंड, टाकून दे वं माय. दिवसातून शंभरदा तो शब्द आठ तोंडांतून जुईच्या कानावर पडायचा, आणि दर वेळी तिच्या हातात ते बोंड असायचं. चौथ्या दिवशी दुपारी ती पऱ्हाटीतून धावत माझ्याकडे आली, मूठ उघडली आणि म्हणाली, "बों." मी पेन टाकलं. कमलाबाई तिकडून ओरडल्या, "आलं का तोंडात?" जसं काही त्यांना ठाऊकच होतं.

तो शब्द कोणाचा होता ते मला ओळखता आलं नाही. कमलाबाईंचा नव्हता, रेखाचा नव्हता. आठ जणींनी घासून घासून त्याला जुईच्या तोंडाच्या मापाचा करून दिला होता.

आणखी आठवडाभराने, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलली होती. बायांचा शेवटचा तास संपला. मामाजी बंडीवर गाठोडी चढवत होते आणि त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून डबा वाजला नाही. बाया उभ्या राहिल्या, कोणी कंबर धरली, कोणी ओटी सोडली. क्षणभर सगळं वावर गप्प होतं. आणि कापसाच्या सगळ्यात वरच्या गाठोड्यावरून, हात वर करून, जुई म्हणाली, "दाव द्या."

कोणी हसलं नाही. मामाजी खाली उभे होते, गाठोड्याला टेकून. त्यांनी तोंड कापसात लपवलं आणि त्यांचे खांदे हलत होते. मग ओळीतून रेखाने म्हटलं, जाऊ द्या. तिच्या सासूने ओरडून म्हटलं. एकेक करत सगळ्यांनी म्हटलं. मीही लिंबाखालून म्हटलं. जुई वरून प्रत्येकीकडे बघत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, दाव द्या, दाव द्या, आणि बंडी मात्र जागची हलत नव्हती, कारण बैल हाकणारा माणूस रडत होता.

त्यानंतर ती थांबली नाही. सावंगीच्या त्या बाईंकडे तीन महिन्यांनी गेलो तेव्हा तिने त्यांना बैल, बगळी आणि बोंड या विषयांवर एवढं ऐकवलं की बाहेरचे पेशंट खोळंबले. आता ती माझ्याशी दोन्ही बोलते. शाळेत भाषणाच्या स्पर्धेत उभी राहते तेव्हा एकही शब्द इकडचा तिकडे होत नाही, आणि व्यासपीठाची शेवटची पायरी उतरते न उतरते तोच मला विचारते, "कसं झालं वं आई?" कुठं काय बोलायचं हे मुलांना कोणी शिकवावं लागत नाही. मी उगाच दोन वर्षं त्याची काळजी केली. शाळेत आता पाचवीत नवी मुलं येतात, उभं राहून काही सांगतात, मध्येच एखादा शब्द घरचा निघतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मी मान हलवते, पुढे काय झालं म्हणून विचारते. पुस्तकातली भाषा त्यांना मी शिकवतेच, तो माझा पगार आहे. पण आधी त्यांचं वाक्य पूर्ण होऊ देते.

जुई आणि मामाजी यांची सहा वर्षं फार छान गेली. ती शाळेतून यायची तेव्हा ते थांब्यावर उभे असायचे आणि घरापर्यंतचा पाच मिनिटांचा रस्ता ते दोघं अर्धा तास चालायचे. शेवटच्या आजारातही ती पलंगाच्या कडेला बसून बोलायची आणि ते हूं म्हणायचे. मला वाटायचं, मी जे मोडलं होतं ते सांधलं गेलं. मामाजींनी कधी त्या दोन वर्षांचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. राहून गेलं.

परवा दुपारी आम्ही लिंबाखाली जेवत होतो. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. जुईने बॅग मांडीवर घेतली होती आणि तिचे कप्पे उघडून बघत होती. एका कप्प्यातून सुतळी निघाली, एकातून अडकित्ता. सगळ्यात आतल्या, शिवण उसवलेल्या कप्प्यातून एक छोटी वही निघाली, खिशात मावेल एवढी, कोपरे मऊ झालेली. तिने उघडली आणि वाचायला लागली. ती सगळंच मोठ्याने वाचते.

"जुई, तुला तहान लागली आहे का? जुई, ते बघ, पोपट आला आहे. जुई, आपण फिरायला जाऊ या. जुई, तुझे नाव काय आहे?"

पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर मामाजींचं, वळणदार, एकाखाली एक वाक्य. काही शब्द खोडलेले होते आणि वर दुसरे लिहिलेले होते, माझ्या वर्गातली मुलं चूक सुधारतात तसे. पानंच्या पानं. माझा घास हातात राहिला.

कमलाबाईंनी वहीकडे बघितलं आणि ओळखलं. म्हणाल्या, "हे व्हय. पोट्टी लहान होती तई कंडक्टरभाऊ धुऱ्यावर उभे राहून बैलायले वाचून दाखवत. म्या इचारलं तं म्हणत, नातीसंगं बोलाची परीक्षा हाय."

म्हणजे ते गप्प बसले नव्हते. दोन वर्षं ते तयारी करत होते. रोज सकाळी, मी शाळेत जायच्या आधी, वावरात येऊन माझी भाषा घोकत होते आणि मग दिवसभर जुईजवळ, जमणार नाही म्हणून, गप्प राहत होते. म्या लई पाह्यलं, असं ते बंडीवर म्हणाले होते. मी ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

जुईने दोन-चार पानं पुढे उलटली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, हे आबाचं नाई हाय. आबा कुठं असे बोलत होते? कोणाचं हाय हे?"

"माह्यं आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. शेवटच्या भरलेल्या पानावर एकच ओळ होती. ती तिने हळू वाचली. "जुई, आजोबांशी बोलशील का?"

बाया जेवायच्या थांबल्या होत्या. जुईने वही मिटली, बॅगेच्या त्याच कप्प्यात ठेवली, आणि वरून बॅगेवर हात ठेवून, समोर कोणी बसलंय अशा साध्या आवाजात म्हणाली, "बोलूनच तं राह्यली ना, आबा."

मग कमलाबाईंनी डबा झाकला, ओटीचं कापड कमरेला बांधलं आणि आम्ही सगळ्या आपापल्या तासाला लागलो.